ग्लेनिसच्या गाडीतला फोन

१

चहाच्या खोलीत सिंकच्या वर नव्यानं चिकटवलेला कागद डेल हार्टविगनं पाहिला, आणि तिचा कप ओठांशी जाता जाता थांबला.

कागदावर ग्लेनिसच्या पांढऱ्या गाडीचा फोटो होता, निलगिरीच्या बुंध्यावर आदळून अर्धी झालेल्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हातात फोन, वाटेत मरण. तुम्ही असं करू नका.'

नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या या वारिंडा गावात ती गाडी कोणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ग्लेनिस शिर्मर. आरोग्यसेवेच्या पाच फिरत्या नर्सांपैकी सगळ्यांत जुनी. जानेवारीच्या उन्हात मिठाच्या तळ्याजवळच्या वळणावर तिची गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. फोन तिच्या पायांपाशी, ब्रेकच्या पेडलखाली सापडला. हातात धरला होता, निसटला, खाली वाकली आणि मेली, असं पोलिसांनी लिहिलं. फाइल बंद झाली.

"हा कागद कोणी लावला?" डेलनं विचारलं.

टेबलाभोवती बसलेल्या नर्सांनी माना खाली घातल्या. उत्तर दारातून आलं.

"मी." रॉस टेनंट आत येत म्हणाला. तो सेवेचा व्यवस्थापक. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. "सुरक्षेची बैठक आहे आज. ग्लेनिसच्या मरणातून कोणाचा तरी जीव वाचावा, एवढाच हेतू."

"तिच्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोयस तू."

"डेल, तू दुःखात आहेस."

"मी रागात आहे. दोन्हींतला फरक तुला कळत नसेल, तर माणसांच्या सेवेत काय करतोयस?"

रॉसनं खुर्ची ओढली. "ठीक आहे. सगळ्यांसमोर सांगतो. सेवेनं तुम्हा पाचही जणींच्या गाड्यांत चांगला हँड्स-फ्री संच बसवला होता. ग्लेनिसनं तो काढून घ्यायला लावला. मला नको म्हणाली. त्या सकाळी मी स्वतः धान्याच्या कोठाराजवळच्या फाट्यावर तिला पाहिलं. समोरून आली. फोन डाव्या कानाला, उजवा हात स्टिअरिंगवर. मी दिवे मारले. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. हे मी पोलिसांनाही सांगितलंय. मला ते सांगताना आनंद झाला असेल का?"

टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची रिकामी होती. बैठक असो, वाढदिवस असो, ग्लेनिस तीच खुर्ची पकडायची. दुसरं कोणी बसलं तर उठवायची. आता तिथं कोणी बसत नव्हतं.

'काढून घ्यायला लावला' हे शब्द डेलच्या डोक्यात घणासारखे आपटत होते. कारण तो संच निवडला होता ग्लेनिसनंच.

गेल्या हिवाळ्यात तीन नमुने आले होते. इथं एका रोग्यापासून दुसऱ्या रोग्यापर्यंत नुसता गहू आणि धूळ, आणि फोन तर सतत येणार. ग्लेनिसनं प्रत्येक नमुना आपल्या गाडीत लावून, आपल्याच खडबडीत रस्त्यांवर फिरवून पाहिला. पहिला सिगारेट-लायटरच्या भोकात खुपसायचा. स्टँड रबरी वाटीनं चिकटवायचा. कच्च्या रस्त्यावर त्यातून फोन उडून पडायचा, आणि पलीकडच्या माणसाला आपलाच आवाज परत ऐकू यायचा. "हे खेळणं आहे, खोक्यात घाला आणि परत पाठवा," ती म्हणाली होती. दुसऱ्याला बाहेरची अँटेना नव्हती, टेकडीआड गेलं की मुका. तिसरा स्क्रूनं पक्का बसवायचा, बॉनेटशेजारी उंच अँटेना, आवाज स्वच्छ. तिसऱ्यासाठी ती रॉसशी महिनाभर भांडली. बसवणाऱ्या कारागिराशीही हुज्जत घातली: "माझा स्पीकर उजव्या हाताला, दाराजवळ बसव." बाकी सगळ्यांचे स्पीकर डावीकडे, रेडिओखाली. कारागीर कुरकुरला, तार मापानं कापली आणि हवं तसं करून दिलं.

अशी बाई तोच संच काढून टाकील?

डेल उठली आणि तिनं भिंतीवरचा कागद ओढला. त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही निघाला.

बैठक संपल्यावर तिनं रॉसला वाहनतळावर गाठलं. तो त्याच्या नव्या गाडीत बसला होता. गाडी तीच, सेवेची पांढरी, सगळ्यांसारखी, फक्त अजून धूळ न खाल्लेली. ती त्याच्या खिडकीशी वाकली. "काढलेला संच कुठं आहे, रॉस?"

तो बोलायच्या आत गाडीत फोन वाजला आणि एका बाईचा आवाज डेलच्या पोटापाशी, दारातूनच आल्यासारखा घुमला: "रॉस, येताना मटण आणशील ना?"

त्यानं घाईनं बटण दाबलं. "कपाटात असेल कुठंतरी," तो म्हणाला. "डेल, सुट्टी घे. खरंच घे."

गाडी निघून गेली. काहीतरी चुकीचं ऐकलं, असं डेलला वाटत राहिलं. काय, ते मात्र हाताला लागेना.

२

अपघाताची गाडी लेस पोमेरॉयच्या आवारात होती. लेस मोडक्या गाड्या ओढून आणायचा आणि त्यांचे सुटे भाग विकायचा. त्याच्या आवारात उभी केलेली गाडी सकाळी चाकांशिवाय सापडते, असं गावात बोललं जायचं.

"आलीस?" डेलला पाहून तो म्हणाला. "मला वाटलंच कोणीतरी येणार. काही नाहीसं झालं की लेसकडे बोट."

"संच तू काढलास का?"

"बघ. सरळ विचारलंस, बरं वाटलं. बाकीचे आधी हवापाण्याचं बोलतात." तो थुंकला. "नाही काढला. मेलेल्या नर्सच्या गाडीतून मी एक खिळा घेणार नाही. माझ्या आईचं शेवटचं सगळं ग्लेनिसनं केलं. जा, बघ जाऊन."

गाडीचं दार उघडताना पत्रा किंचाळला. डेलनं दात आवळून आत डोकं घातलं. डॅशबोर्डवर चार भोकं होती, स्टँडच्या स्क्रूंची. सुबक, कडा न तुटलेल्या. कोणी ओरबाडून काढलं नव्हतं, स्क्रूड्रायव्हरनं सावकाश फिरवून काढलं होतं. तिनं केसांतली पिन एका भोकात घातली. आत गच्च बसलेली लाल धूळ निघाली. बॉनेटशेजारी अँटेनाच्या जागी रबरी बूच होतं, त्याच्या कडेलाही तीच धूळ, वाळून पापुद्रा झालेली.

ती धूळ आवारातली नव्हती. लेसकडे सगळीकडे पांढरी चुनखडी. लाल माती मिठाच्या तळ्यापलीकडच्या रस्त्यांची. म्हणजे संच निघाल्यावरही ही गाडी त्या रस्त्यांवर बरेच दिवस पळत होती.

मग तिचं लक्ष लायटरच्या भोकाकडे गेलं. ते रिकामं होतं. लायटरची खुंटी खालच्या खणात, सुट्या नाण्यांत पडली होती.

"लेस, ग्लेनिस सिगारेट ओढायची?"

"ती? माझ्या तोंडातली काढून फेकायची."

"मग लायटर बाहेर काढून कोणी ठेवला असेल?"

लेसनं खांदे उडवले. डेल गुडघ्यांवर बसली. लायटर काढतात ते पेटवायला, नाहीतर त्या भोकात दुसरं काही खुपसायला. ते दुसरं काही आता गाडीत नव्हतं.

"गाडी इथं आल्यावर कोण कोण आलं होतं?"

"पोलीस. सार्जंट कॉलिन, इकडून तिकडून फोटो काढून गेला. मग तिचा नवरा नेव्हिल. तो बिचारा दारात उभा राहिला, आत हातही घातला नाही. आणि तुमचा रॉस, लशींची थंड पेटी न्यायला." लेसनं डोळे बारीक केले. "एक सांगू? त्या दिवशी पत्र्यावर अंडं फोडलं असतं तर तळून निघालं असतं. आणि रॉस परत गेला तेव्हा एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातावर कोट. लोकरीचा कोट, नीट पसरून टाकलेला. मी म्हटलं, शहरातली माणसं, काय सांगावं."

डेलनं हात झटकले. संशय रॉसवर गेला होताच. पण ही गाडी रोज रात्री आणखी एका माणसाच्या अंगणात उभी असायची, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर चांगला चालवता येत होता.

३

नेव्हिल शिर्मर शेडमध्ये मळणीयंत्राखाली आडवा पडला होता. डेल आल्याचं कळूनही तो बाहेर आला नाही.

"सहानुभूती द्यायला आली असशील तर केक ओट्यावर ठेव आणि जा," तो खालून म्हणाला. "अकरा केक झालेत. कोंबड्यांना घालतोय."

डेलची नजर यंत्राच्या केबिनमध्ये गेली होती. काचेआड स्क्रूनं बसवलेला काळा स्टँड, त्यातून निघालेली जाड तार, वर उंच अँटेना. ग्लेनिसनं निवडलेलाच तिसऱ्या नमुन्याचा संच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेर ये, नेव्हिल."

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"हे कुठून आणलंस?"

"काय? ते? दुकानातून. ग्लेनिसनंच घ्यायला लावलं. यंत्र चालवताना मी फोन कानाला लावतो म्हणून तीन वर्षं माझं डोकं खाल्लं. मला सांगायची, नेव, हात गेला तर तुला मी भरवणार नाही." त्यानं हातातला पाना बाकावर आपटला. "मला सांगायची. आणि स्वतः काय केलं? माझ्या पोरीला आई नाही आज, कारण तिच्या आईला एक फोन पाच मिनिटं थांबवता आला नाही. केट आईचं नाव काढू देत नाही. मीही काढत नाही. काय म्हणून काढू?"

डेल केबिनमध्ये चढली. तिनं स्वतःचा फोन स्टँडला लावून पाहिला. बसेना. खोबण अरुंद होती, नेव्हिलच्या जुन्या फोनच्या मापाची. सेवेचे सगळे फोन रुंद. हा संच ग्लेनिसच्या गाडीतला असूच शकत नव्हता.

तिला लाज वाटली, आणि लाजेनं ती आणखीच चिडली. "नेव्हिल, तिनं गाडीतला संच काढून घ्यायला लावला, असं रॉस म्हणतो. तुला ती काही बोलली होती?"

"गाडी शहरातून सर्व्हिसिंग होऊन आली त्या दिवशी भडकली होती. रॉसवर. पुढच्या बैठकीत त्याची चामडी सोलते म्हणाली. कशावरून ते मी विचारलं नाही. पीक काढायचे दिवस होते, डेल. मी ऐकतच नव्हतो."

बैठकीआधीच ती गेली होती.

येताना डेल पोलीस ठाण्यात शिरली. सार्जंट कॉलिन ब्रेथवेट पायावर पाय टाकून मटण भरलेली पेस्ट्री खात बसला होता. शेवटचा फोन कोणाचा होता, ते त्यानं सांगितलं: आयव्ही केसेल, तळ्यापलीकडची म्हातारी, ग्लेनिसची रोगी.

"तिला तू काय विचारलंस?"

"काही नाही. ती फार आजारी आहे, तिला काहीच आठवत नाही, असं कळलं."

"कोणाकडून कळलं?"

कॉलिननं तोंडातला घास गिळला. "रॉस जाऊन आला होता ना."

४

आयव्ही केसेल अजिबात आजारी नव्हती. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी अंजिराच्या झाडावर शिडी लावून चढली होती. डेलला बघताच मात्र ती घाईनं खाली उतरू लागली.

"तुम्ही मला न्यायला आलात का?" तिनं विचारलं.

"कुठं न्यायला, आयव्हीबाई?"

"मीच मारलं ना तिला. मी फोन केला नसता तर..." ती शिडीच्या पायरीवरच बसली. "ऑफिसातले साहेब आले होते. भला माणूस. म्हणाले, तुम्ही कोणाशी काही बोलू नका. लोकांना कळलं की तुमच्या फोनमुळं नर्स गेली, तर या वयात तुम्हाला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी तुमचं नाव कुठं येऊ देत नाही. माझ्यासाठी स्कोन घेऊन आले होते, मुरंब्याशी खायचे गोड पाव."

डेलनं झाडाच्या खोडाला हात टेकला. रागानं डोळ्यांपुढं अंधारी येते असं ती आजवर नुसतं ऐकत आली होती.

"आयव्हीबाई," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "फोनवर काय काय ऐकू आलं, ते सगळं मला सांगा. शहाणपणाचं, वेड्यासारखं, सगळं."

म्हातारीनं एप्रननं नाक पुसलं. "मी गोळ्यांचं विचारत होते. आणि फोन तर असा झाला होता बाई, काय सांगू. मी 'सकाळची' म्हटलं की मलाच परत 'सकाळची'. रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखं. मी म्हटलं, ग्लेनिस, मी वेडी झालेय का? ती हसली. म्हणाली, तुम्ही नाही, हे खेळणं वेडं आहे."

"खेळणं म्हणाली?"

"हो. मग खडखडाट झाला आणि तिचा आवाज एकदम लांब गेला, खोल विहिरीतून आल्यासारखा. म्हणाली, 'थांबा आयव्ही, पुन्हा पडलं मेलं.' आणि मग..." तिनं डोळे मिटले. "मग ब्रेक, ब्रेक म्हणाली. दोनदा. मग काही नाही."

अंजिराच्या झाडात पोपटांचा थवा कलकलत होता.

फोन ग्लेनिसच्या हातात नव्हता. तो स्टँडमधून उडून ब्रेकच्या पेडलखाली अडकला होता, म्हणून ब्रेक लागला नाही. कानाला लावलेल्या फोनवर पलीकडच्याला आपलाच आवाज परत येत नाही. तो येतो स्पीकरवरून, आणि तिन्ही नमुन्यांत असा आवाज परत करणारा एकच होता. जो तिनं खोक्यात घालून परत पाठवायला सांगितला होता. तो ग्लेनिसच्या लायटरच्या भोकात होता. अपघातानंतर कोणीतरी तो उपटून नेला होता, आणि उपटून न्यायला एक क्षण पुरतो.

लेसनं तो बारक्या पैशांत विकला असता, पण ग्लेनिसबद्दल तो खोटं बोलला नसता. नेव्हिलनं गाडीत हातही घातला नव्हता. राहिला कोटवाला. पण कोट हा पुरावा नव्हे. रॉस म्हणेल मला थंडी वाजत होती, आणि कॉलिन ते लिहून घेईल. रॉसकडे त्याची साक्ष होती: समोरून आली, फोन डाव्या कानाला, उजवा हात स्टिअरिंगवर.

डाव्या कानाला.

टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची. स्पीकर उजव्या हाताला, दाराजवळच. डेल ताडकन उठली. "आयव्हीबाई, तुमचा फोन वापरू का?"

तिनं नेव्हिलला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. पलीकडे बाकावर पाना आदळल्याचा आवाज आला.

मग नेव्हिल म्हणाला, "हे तुला कोणी सांगितलं?"

५

पुढच्या बैठकीला डेलनं कॉलिनला बोलावलं, लेसलाही. नेव्हिल आपणहून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. रॉसनं सगळ्यांकडे पाहिलं. "ही सेवेची अंतर्गत बैठक आहे."

"मग तुझी साक्षही अंतर्गत ठेवायची होतीस," डेल म्हणाली. "ती पुन्हा सांग. कॉलिन, कान दे."

"मी हे किती वेळा—"

"फाट्यावर ती समोरून आली. फोन कोणत्या कानाला होता?"

"डाव्या. अगदी स्पष्ट दिसलं."

"उजव्या नव्हे?"

"उजवा हात स्टिअरिंगवर होता. माझी खात्री आहे, डेल. तू कितीही चिडलीस तरी जे पाहिलं ते पाहिलं."

डेल नेव्हिलकडे वळली. तो भिंतीपासून पुढं आला. त्यानं हॅट काढली नव्हती, ती आता काढली.

"माझी बायको डाव्या कानानं ठार बहिरी होती," तो म्हणाला. "सहा वर्षांची असताना गोवर आला, तेव्हापासून. नोकरी जाईल म्हणून इथं कोणाला सांगितलं नाही. रात्री झोपताना मला कायम तिच्या उजवीकडे झोपावं लागायचं, कारण दुसऱ्या बाजूनं बोललेलं तिला कळायचंच नाही. तिनं डाव्या कानाला फोन लावला होता म्हणतोस? त्या कानाला तिनं एकवीस वर्षांत माझं तोंडही लावू दिलं नाही."

कोणीतरी हुंदका दिला. एक नर्स त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिथं बसलं की सगळी माणसं उजव्या बाजूला येतात, हे इतक्या वर्षांत कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"माझी... घाईत पाहण्यात चूक झाली असेल," रॉस म्हणाला.

"तू काही पाहिलंच नाहीस," डेल म्हणाली. "ज्यानं खरंच पाहिलं तो चुकला तर गोंधळतो. तू रचलेलं सांगत होतास, म्हणून खात्रीनं सांगत होतास. आता बाकीचं मी सांगते. ग्लेनिसच्या गाडीतला संच अपघाताच्या कितीतरी आधी निघाला होता. भोकांत लाल माती गच्च बसली होती. तिनं काढायला लावला असता, तर ती भडकून घरी गेली नसती. गाडी शहरात सर्व्हिसिंगला गेली तेव्हा तू तो काढून घेतलास आणि तिच्या हातात ते टाकाऊ खेळणं ठेवलंस. तिच्या लायटरची खुंटी नाण्यांत पडलेली होती, लेसच्या आवारात जाऊन बघता येईल. आयव्ही केसेलला आपलाच आवाज परत ऐकू येत होता. आणि आयव्ही आजारी नाही, कॉलिन. तिला तुझ्यापेक्षा जास्त आठवतं."

कॉलिनचा चेहरा लाल झाला.

"मी तो संच कशाला घेईन?" रॉस म्हणाला.

"मलाही तेच कळत नव्हतं. पण गेल्या वेळी मी तुझ्या खिडकीशी उभी होते, तेव्हा तुझ्या बायकोचा आवाज माझ्या पोटापाशी आला. दारातून. आमच्या सगळ्यांचे स्पीकर डावीकडे, रेडिओखाली आहेत. उजवीकडे फक्त ग्लेनिसनं बसवून घेतला होता, आणि तारही तेवढीच कापली होती. ती तार डावीकडे पोचतच नाही, म्हणून तुलाही तो दारापाशीच लावावा लागला. कॉलिन, त्याची गाडी बाहेर उभी आहे."

सार्जंट उठून गेला. लेसनं खिशातून सिगारेट काढली, मग परत ठेवली. कॉलिन दारात आला तेव्हा त्यानं काही सांगायची गरज उरली नाही. त्यानं नुसती मान हलवली.

रॉस खाली बसला. "नवी गाडी आली तेव्हा बोर्डानं सहावा संच मंजूर केला नाही," तो म्हणाला. आवाज अजूनही हळूच होता. "मला दिवसभर फोन येतात. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न होता. नवा आला की तिला देणारच होतो. असं होईल हे मला कुठं माहीत होतं?"

"तिनं तुला सांगितलं होतं. त्यातून फोन पडतो म्हणून. हिवाळ्यातच सांगितलं होतं."

"झालं ते अपघातानं झालं. नंतर मी... हो, ते मी गाडीतून काढलं. घाबरलो. पण डेल, ती तर गेलीच होती. मी खरं सांगून ती परत आली असती का?"

नेव्हिल पुढं सरकला. डेल मध्ये उभी राहिली. त्याला अडवायला नव्हे. आधी आपलं बोलून घ्यायला.

"नाही आली परत," ती म्हणाली. "पण तिच्या पोरीनं आईचं नाव टाकलं नसतं. एक म्हातारी दोन महिने स्वतःला खुनी समजत जगली नसती. तू स्कोन घेऊन गेलास तिच्याकडे, रॉस. स्कोन. एकीला मारलंस ते निष्काळजीपणानं, असं कोर्ट म्हणेल, म्हणू दे. पण तिच्याच फोटोखाली 'तुम्ही असं करू नका' लिहिलंस, ते पूर्ण शुद्धीत लिहिलंस."

रॉसला कॉलिननं दंडाला धरून उठवलं. दाराशी रॉस थांबला. मग त्यानं शर्टाची बाही नीट केली आणि बाहेर गेला.

६

चौकशी पुन्हा उघडली. खोटी साक्ष आणि पुरावा लपवणं, दोन्ही रॉसच्या अंगावर आलं. कॉलिन हॅट हातात घेऊन डेलच्या घरी माफी मागायला आला. तिनं त्याला ओसरीवर उभं ठेवलं, ऐकून घेतलं आणि चहा विचारला नाही.

राग गेला नाही. सगळं उघडं झालं की हलकं वाटेल असं तिला वाटत होतं, तसं काही झालं नाही. गाडी चालवताना मधूनच तिचे दात आवळले जायचे.

शनिवारी नेव्हिलनं तिला तळ्यापलीकडे न्यायला सांगितलं. बरोबर केट होती, सोळा वर्षांची, मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसलेली. त्या वळणावर नेव्हिलनं डोळे मिटून घेतले. केटनं मात्र शेवटपर्यंत मान वळवून झाड पाहिलं.

आयव्ही दारात उभी होती. तिनं तिघांना खुर्च्या दिल्या, अंजिराचा मुरंबा काढला, पाव कापला, पुन्हा कापला.

"बसा, आयव्हीबाई," नेव्हिल म्हणाला. "मी भांडायला नाही आलो. तुम्ही फोन केला नसता तर त्या वळणावर ती एकटीच असती. तिच्या कानात कोणाचा तरी आवाज होता, एवढंच मला पुरे आहे."

म्हातारी बसली.

"गोळ्यांआधी काय बोलत होतात?" केटनं विचारलं. सकाळपासून तिनं उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य.

"आधी?" आयव्ही आठवू लागली. "आधी तर ती तुझ्या बाबांना शिव्या घालत होती. कोंबड्यांच्या कुंपणाचं फाटक. नाताळापासून दुरुस्त करतो म्हणतोय, आणि कोल्ह्यानं दोन नेल्या म्हणे. म्हणाली, आयव्ही, या माणसाला सोडून जावं तर मळणीच्या दिवसांत त्याला जेवणाचा डबा कोण भरून देईल? आणि हसली. फार हसली."

नेव्हिलच्या तोंडातून विचित्र आवाज निघाला. डेलला वाटलं तो रडतोय. पण तो हसत होता, तोंडावर पंजा दाबून, खांदे गदागदा हलवत, आणि डोळ्यांतलं पाणी मुरंब्याच्या बशीत पडत होतं.

केटनं त्याची बशी बाजूला सरकवली. मग खुर्ची आयव्हीच्या जवळ ओढली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "आई कशी बोलली, तसंच सांगा."